बारावीनंतरची गुणवत्ता शिष्यवृत्ती: बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

रावपुऱ्याची मावशी
भाची यंदा बारावीला आहे. घरात रोज कुणीतरी नव्या शिष्यवृत्तीचं नाव घेऊन येतं आणि पुढे करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून हा धागा. ज्यांनी अर्ज केला, ज्यांच्या पोरांनी केला, ज्या मास्तरांनी शिफारसपत्रं लिहिली, सगळ्यांनी लिहा. मिळाली नसेल तर आवर्जून लिहा. 'मेहनत करा, फळ मिळेल' असले प्रतिसाद नकोत. ते काम आमच्याकडे आजोबा करतात.

मल्लखांबवाला
टोरांटो विद्यापीठाची लेस्टर पिअरसन शिष्यवृत्ती. चार वर्षांची फी, पुस्तकं, राहणं, सगळं त्यात येतं. जगभरातून वर्षाला साधारण ३७ मुलं घेतात. पण पहिली चुरस आपल्याच वर्गात लागते, कारण शाळेला एकच नाव पाठवता येतं. तेही दिवाळीच्या सुमारास, म्हणजे बोर्डाच्या कितीतरी आधी.

शाळेने आम्हा इच्छुकांकडून निबंध मागवले. मी ऑलिम्पियाड, वक्तृत्व, क्विझ, सगळी सर्टिफिकिटं ओळीने मांडली. इंग्रजीच्या बेननी, म्हणजे बाईंनी, कागद खाली ठेवून विचारलं, "संध्याकाळी असतोस कुठे तू?" आखाड्यात असतो, लहान पोरांना मल्लखांब शिकवतो. हे लिहिण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. आपल्याकडे स्वतःचं कौतुक करणाऱ्याला घरीच टप्पल बसते. मग त्यावरच लिहिलं. पोरगं उलटं लटकलं की हात सोडायला घाबरतं. त्याच्या पाठीशी तळवा धरायचा, पण टेकवायचा नाही. टेकवलात की ते पुढचे सहा महिने तुमचा तळवा शोधतं.

नामांकन मिळालं. शिष्यवृत्ती नाही मिळाली. प्रवेश आला होता, पण तेवढी फी घरून भरणं शक्यच नव्हतं. आता इथेच कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या एमएस विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, इंजिनिअरिंग करतोय. संध्याकाळी आखाडा चालूच आहे.

निवृत्त फिजिक्स
शिफारसपत्रांबद्दल लिहितो, कारण ती ढिगाने लिहिली आहेत. 'सिन्सियर, हार्डवर्किंग, ओबीडियंट' असं पत्र म्हणजे कोरा कागदच. निवड समितीला विद्यार्थी दिसायला हवा, आणि चाळीस-पन्नास पोरांतून एकाचा प्रसंग मास्तरला आयत्या वेळी आठवत नाही. मी पत्र मागायला येणाऱ्याला सांगायचो, एक पान लिहून आण: माझ्या तासाला काय घडलं, तुला काय अडलं.

एकीने आणलेल्या पानावर अनुनाद नळीचं प्रॅक्टिकल होतं. पहिल्याच अनुनादावरून ध्वनीचा वेग काढायचा होता. वर्गातल्या सगळ्या जर्नलांत छान सेकंदाला ३४५ मीटर, म्हणजे पुस्तकातून मागे मोजत आणलेलं. हिचं उत्तर ३२६. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'नळीच्या तोंडाची दुरुस्ती धरली नाही म्हणून कमी आलं असावं.' म्हणजे आवाजाची लाट नळीच्या तोंडाबाहेर किंचित जाते, ते धरायचं राहिलं होतं. मी तेव्हा नुसती सही करून पुढे गेलो होतो. पत्रात मात्र तेवढंच लिहिलं, बाकी विशेषणं एकही नाही. तिचं काम झालं.

मांजलपूरचे बाबा
आमचा अनुभव परदेशाचा नाही, कागदांचा आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. त्यात आमच्या वडिलांनी हौसेने ठेवलेलं माझं 'वसंतराव' शाळेच्या रजिस्टरात कधी 'वसंतभाई' झालं, कोण जाणे. मुलाचा एक फॉर्म तेवढ्यावर परत आला. सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) केला, निभावलं. पण ऐन मुदतीत धावपळ नको असेल तर दहावीच्या सुट्टीतच सगळी नावं जुळवून घ्या. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही तेव्हाच बघा.

गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत डिग्रीसाठी बारावीला ८० परसेंटाइल लागतात आणि घरचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत चालतं. परसेंटाइल हं, टक्के नव्हेत; म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे असणं. आमच्या सोसायटीत एक मुलगी ७४ टक्के पाहून अर्जच करणार नव्हती. मार्कशीटवर परसेंटाइल रँक छापलेली असते, ती बघा.

केंद्राची जी महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे, तिला बोर्डाच्या वरच्या २० परसेंटाइलमध्ये यावं लागतं, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीला वर्षाचे १२,००० मिळतात, पण दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर ती घेता येत नाही.

बीएस्सीवाली
मला इन्स्पायर, म्हणजे केंद्राची विज्ञान शिकणाऱ्यांसाठीची शिष्यवृत्ती, मिळत होती. बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलं आणि शुद्ध विज्ञान घेतलं तर वर्षाला ८०,०००. त्यातले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टचे. घरी सगळे विचारायचे, एवढे मार्क असून बीएस्सी? पैसे खात्यात आल्यावर विचारेनासे झाले.

कमाटीबागेची शेजारीण
माझ्या मुलीची मुलाखत. एका खाजगी विद्यापीठाची पूर्ण फीची शिष्यवृत्ती होती. पॅनेलने विचारलं, "तुमच्या शहराबद्दल सांगा." बडोद्याचं पोर काय सांगणार? सयाजीरावांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तिने तेच सांगितलं. पॅनेलमधल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि ते परत आल्यावर?"

ते तिला माहीत होतं. १९१७ मध्ये करारानुसार ते संस्थानात नोकरीला आले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी सराईतूनही हाकलले गेले. आम्ही रोज ज्या बागेत फिरायला जातो, तिथे झाडाखाली बसून राहिले. मुलगी म्हणाली, शिष्यवृत्ती देणारं शहर आणि घर न देणारं शहर एकच होतं. उरलेली मुलाखत त्यावरच झाली. मला बाहेर बसून वाटत होतं, हिला एवढा वेळ का लागतोय.

फतेगंजचा संशयी
छान छान. पण ज्यांचे आईबाप निबंध तपासायला काउन्सेलर लावतात, त्यांच्यापुढे आपल्या पोरांचं काय? हेही लिहा कुणीतरी.

मल्लखांबवाला
खरं आहे दादा. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या एकाकडे दोन काउन्सेलर होते. तरी नामांकन त्याला मिळालं नाही, एवढंच सांगू शकतो.

निझामपुऱ्याची ताई
सगळे मिळवण्याबद्दल लिहितायत, टिकवण्याबद्दल कुणीच नाही. माझ्या चुलतबहिणीला एका विद्यापीठाकडून अर्धी फी माफ झाली. पत्र मोठं सुंदर, सोनेरी मोहर वगैरे. अट तिसऱ्या पानावर: दर वर्षी सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) ८.५. पहिल्या वर्षी ८.३ आला, दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी. सरकारी योजनांतही हजेरी आणि मार्कांच्या अटी असतात, केंद्राच्या त्या शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के मार्क, पण त्या माणसाला झेपतील अशा आहेत.

म्हणून धाकटीच्या वेळी आम्ही दोन विद्यापीठांना एकच मेल केला: गेल्या वर्षी किती जणांना शिष्यवृत्ती दिली आणि त्यातल्या किती जणांची दुसऱ्या वर्षी टिकली? एकाने ब्रोशर पाठवलं. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी आकडे पाठवले. धाकटी त्या दुसऱ्या विद्यापीठात गेली.