फ्युएल अल्टर्ड गाड्या एवढ्या आडव्या का जायच्या? व्हीलबेसबद्दल जाणकारांनी सांगा

मिरजेचा_फिटर:
नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो, रात्री घरी आल्यावर पत्र्याची मॉडेल बनवायचा नाद आहे. आत्तापर्यंत एसटी, ट्रॅक्टर, वाफेचं इंजिन झालं. गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या ड्रॅग रेसच्या (पाव मैलाच्या सरळ पट्टीवरच्या शर्यतीच्या) जुन्या क्लिप बघत होतो, त्यात ह्या 'अल्टर्ड' क्लासच्या गाड्या दिसल्या आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. फोर्ड मॉडेल टीची एवढीशी टपरीसारखी बॉडी, पुढं उघडं भलं मोठं इंजिन, त्यावर ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंप), मागं पोत्याएवढी टायरं, आणि माणूस जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवर बसलेला. हिरवा दिवा लागला की गाडी सरळ जायच्या ऐवजी आधी डावीकडं, मग उजवीकडं, पूर्ण पाव मैल धूर काढत आडवी तिडवी जाते आणि तो पठ्ठ्या पाय काढत नाही.

माझा प्रश्न असा की त्याच काळातले ड्रॅगस्टर लांबच्या लांब होते, मग लांब गाडी सरळ जाते हे त्यांना माहीत असूनसुद्धा ह्या आखूड का ठेवल्या? मला १:१० मध्ये मॉडेल करायचंय, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, किती धरू? आणि नुसतं माप नको, का ते पण सांगा, कारण समजल्याशिवाय पत्रा कापायला हात होत नाही.

जुनी_जीप_सातारा:
फिटर भाऊ, माप आधी सांगतो. साधारण ९० ते १०० इंच धरा, बहुतेक गाजलेल्या गाड्या ह्यातच बसतात. अंदाज यायला, आपल्या प्रीमियर पद्मिनीचा व्हीलबेस ९२ इंच आणि अँबेसिडरचा ९७. म्हणजे पद्मिनीच्या लांबीवर हजार-दीड हजार हॉर्सपॉवर ठेवायची, असा तो प्रकार.

आता का. ड्रॅगस्टरला बॉडीचं बंधन नव्हतं, नुसती फ्रेम, त्यामुळं ते दरवर्षी लांब होत गेले. अल्टर्ड मात्र मुळात रस्त्यावरच्या गाडीची बॉडी घेऊन बदललेली गाडी, नावच तसं आहे. वॉली पार्क्स यांनी १९५१ ला एनएचआरए ही ड्रॅग रेसची संघटना काढली, त्यांनी वजन भागिले इंजिनाचे क्युबिक इंच असा हिशेब करून ए, बी, सी असे गट पाडले, ब्लोअर असेल तर डबल ए, आणि पेट्रोल सोडून नायट्रो (नायट्रोमिथेन हे इंधन) जाळत असेल तर फ्युएल. म्हणून सगळ्यात वरचा गट डबल ए फ्युएल अल्टर्ड. इंजिन व्हीलबेसच्या चौथाईपर्यंत मागं सरकवायची मुभा होती. आणि बॉडी कुठल्या निवडायच्या तर हलक्यात हलक्या आणि लहानात लहान, म्हणजे मॉडेल टी, फियाट टोपोलिनो आणि बँटम.

बँटमवर थोडं जास्त लिहितो कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची ही कंपनी आधी अमेरिकन ऑस्टिन म्हणून छोट्या ऑस्टिन सेव्हनवर आधारलेल्या गाड्या करायची, पुढं नाव अमेरिकन बँटम झालं. ह्याच कंपनीनं १९४० साली अमेरिकन लष्कराला पहिली जीप करून दाखवली. मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्डला गेली. विलीजची जीप पुढं महिंद्रानं आपल्याकडं जुळवायला घेतली आणि आमच्या अपशिंगे मिलिटरीकडच्या रस्त्यांवर माझ्या लहानपणी तिचीच पोरं-नातवंडं पळायची. ज्या कंपनीनं जीपचा पहिला आराखडा उभा केला तिच्या चिमुकल्या गाड्यांच्या बॉड्या पंचवीस वर्षांनी पाव मैलाच्या पट्टीवर नायट्रोवर पळत होत्या, हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस गॅरेजमध्ये जीपच्या बॉनेटकडं बघत बसलो होतो.

एक गोष्ट सांगून ठेवतो, लोक इथं हमखास गोंधळतात. 'अल्टर्ड क्लास' वेगळा आणि 'अल्टर्ड व्हीलबेस' गाड्या वेगळ्या. १९६५ ला डॉज आणि प्लिमथच्या काही गाड्यांचं मागचं अ‍ॅक्सल १५ इंच आणि पुढचं १० इंच पुढं सरकवलं, वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून. त्या दिसायला विचित्र दिसायच्या म्हणून त्यांना फनी कार म्हणायला लागले आणि त्यातून पुढं फायबर बॉडीच्या फनी कार आल्या. तुम्हाला हवी ती गाडी ती नाही. फोटो शोधताना हे बघून घ्या.

उसाचा_ट्रॅक्टर:
मी वाळवा तालुक्यातला, सीझनला ऊस वाहतूक करतो. गाडीचं इतिहास मला माहीत नाही पण आडवी का जातीय ते मी सांगू शकतो, कारण ते मी हातानं भोगलंय.

फडातनं डबल ट्रॉली भरून पाणंदीवर चढ चढताना काय होतंय, मागं वजन, इंजिनचा सगळा जोर मागच्या चाकावर, पुढचं तोंड हलकं होतंय आणि चाकं जमिनीवरनं चार बोटं वर. त्या वेळी तुम्ही स्टिअरिंग कितीबी फिरवा, काय होत नाही, हवेत फिरतंय ते. म्हणून आम्ही पुढच्या बंपरला वजनं बांधतो आणि डावा उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून तोंड वळवतो. एकदा डिसेंबरात रात्री दव पडलेलं, एका चाकाखाली पाचट आलं आणि दुसऱ्याखाली कोरडा मुरूम. कोरड्या चाकानं धरलं, पाचटावरच्यानं सोडलं, ट्रॅक्टर एका दमात अर्धा वळला. माझी ट्रॉली बांधाला टेकली म्हणून थांबलो. आणि ते चालायच्या स्पीडला.

तुमच्या त्या क्लिपा मी आत्ता बघितल्या. तेच आहे दादा. दोन्ही मागच्या टायरला सारखी पकड कधीच मिळत नाही, एक धरतंय एक घसरतंय, की तोंड फिरलं. आणि गाडी आखूड असली की तोंड किती पटकन फिरतंय ते बघा. लांब बैलगाडीचं साटं फिरवायला आणि छकडं फिरवायला जेवढा फरक तेवढा. पुसेगावच्या यात्रेत शर्यतीचं छकडं बघितलंय ना, बैलानं जरा मान टाकली की छकडं चाकोरीतनं बाहेर. त्यात बसणाऱ्याचं काळीज वेगळंच असतंय.

कराडचे_डिझेलकाका:
ट्रॅक्टरवाल्या पोरानं एकदम बरोबर सांगितलं. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. मी छत्तीस वर्षं डिझेल पंप आणि इंजिनं उघडली, आता निवृत्त आहे.

पहिली गोष्ट, त्या वेळचे क्लच. घसरणारा, हळूहळू पकडणारा क्लच साठच्या दशकाच्या शेवटी रुळला. त्याआधी क्लच एकदा लागला की लागला, मग कुठंतरी घसरायला पाहिजे म्हणून टायर घसरायची, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत घसरायची. तुम्हाला दिसतो तो धूर म्हणजे टायर हाच क्लच झालाय. घसरत्या टायरला आडवी पकड उरत नाही, म्हणजे गाडीचं ढुंगण कायम मोकळं. अशा वेळी घाबरून पाय काढला तर वजन एकदम पुढं येतं, मागची टायरं अचानक पकडतात आणि गाडी जिकडं तोंड असेल तिकडं उडी मारते. म्हणून तो पाय काढत नव्हता. वेड नव्हतं ते, त्याला पाय काढल्यावर काय होतं ते ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट ब्लोअर. फिटर, ते वर बसवलेलं चौकोनी डबडं आहे ना, ते मुळात रेसिंगचं नाहीच. जनरल मोटर्सचं ६-७१ नावाचं टू स्ट्रोक डिझेल इंजिन होतं, सहा सिलिंडर आणि प्रत्येक ७१ क्युबिक इंच, म्हणून ते नाव. टू स्ट्रोक डिझेलला स्वतः हवा ओढता येत नाही, जुना धूर ढकलून बाहेर काढायला आणि नवी हवा भरायला ब्लोअर लागतोच. ट्रक, बस, बोटी सगळीकडं ही इंजिनं होती, त्यामुळं भंगारात ब्लोअर स्वस्तात मिळायचे. ह्या पोरांनी तो काढला, व्ही-८ च्या डोक्यावर ठेवला आणि क्रँकवरनं रुंद दातेरी पट्ट्यानं फिरवला. डिझेलमध्ये तो श्वास द्यायला होता, इथं कोंबायला.

मिरजेचा_फिटर:
काका, पाया पडतो. पट्टा दातेरी करायचा हे लक्षात घेतलं, मी साधा व्ही बेल्ट दाखवणार होतो. नायट्रोचं पण सांगा ना, पेट्रोलपेक्षा त्यात ताकद जास्त असते म्हणजे नक्की काय?

कराडचे_डिझेलकाका:
किलोला किलो बघितलं तर ताकद कमी असते, पेट्रोलच्या चौथाई. गंमत हवेत आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. म्हणजे तेवढ्याच हवेत आठपटीच्या वर इंधन ओतता येतं, आणि गोळाबेरीज पेट्रोलच्या दुपटीपेक्षा जास्त उष्णता. इंजिन तेच, सिलिंडर तोच. पण एवढं द्रव आत जातंय की एखाद्या सिलिंडरची ठिणगी गेली तर तो भरून जॅम होतो आणि हेड उडतं. म्हणून ठिणगी देणारा मॅग्नेटो तगडा लागायचा. एनएचआरएनं १९५७ ला ह्या इंधनावर बंदी घातली होती ती १९६३ पर्यंत होती, त्यानंतर हे सगळं रान मोकळं झालं.

इंजिनात क्रायस्लरचं ३९२ हेमी सगळ्यात लाडकं, सहा लिटर आणि वर. हेड अर्धगोल, व्हॉल्व्ह समोरासमोर कलते, प्लग मधोमध. तुझ्या मॉडेलला व्हॉल्व्ह कव्हरच्या मधून प्लगच्या चार-चार नळ्या दिसल्या पाहिजेत, तीच त्याची ओळख. तेवढं कर, बाकी चुकलं तरी जाणकार माणूस ओळखेल.

कृष्णाकाठचा_वाचक:
गाड्यांचं सगळं आलं, माणसांचं कुणी लिहिना म्हणून मी लिहितो.

ह्या क्लासचं नाव काढलं की पहिलं नाव विली बोर्श, सगळे 'वाइल्ड विली' म्हणायचे. गाडी 'विंग्ड एक्सप्रेस', भागीदार 'माउसी' मार्सेलस. मॉडेल टीची बॉडी, ३९२ हेमी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर छपरासारखा मोठा पंख. १९६७ साली ताशी २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटरच्या वर जाणारी पहिली अल्टर्ड हीच. आणि विली एका हातानं चालवायचा. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यानं बाहेरून बॉडीची कड पकडलेली. फोटो बघा, पंजा पत्र्यावर आहे, बोटं पसरलेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्टाइल मारतोय असं वाटलं. नंतर आमच्या इथले शर्यतीचे गाडीवान आठवले, तेसुद्धा एक हात कासऱ्याला आणि एक छकड्याच्या दांडीला ठेवतात, कारण शरीर स्थिर नसेल तर कासऱ्यावरचा हात उगाच ओढला जातो. विली तेच करत असावा असं मला मनापासून वाटतं. अंग गाडीला बांधून घ्यायचं म्हणजे गाडी सरकली ते पाठीला आधी कळतं, डोळ्याला नंतर.

दुसरी गाडी रिच ग्वास्कोची 'प्युअर हेल'. ह्या ग्वास्कोबद्दल मला आदर अशासाठी की त्याच माणसाच्या मॉडेल ए रोडस्टरला १९६१ ला ऑकलंडच्या शोमध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात देखण्या रोडस्टरचा मान मिळाला होता. एवढी नाजूक कारागिरी करणारा माणूस पुढं अशी धुमसती गाडी पळवतो. तिचा नावाजलेला ड्रायव्हर डेल एमरी. हा एमरी नंतर रेमंड बीडलच्या 'ब्लू मॅक्स' फनी कारचा मुख्य मेकॅनिक झाला आणि त्या गाडीनं १९७९, ८० आणि ८१ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियनशिप घेतली. म्हणून ह्या लोकांना नुसते धाडशी म्हटलं की मला पटत नाही. ज्याला आखूड गाडी काय बोलते ते कळलं त्याला पुढं कुठलीही गाडी लावता आली. तसाच जो मॉन्डेलो, हेडच्या कामात नावाजलेला कारागीर, आणि त्याच्या फियाटचा ड्रायव्हर सुश मात्सुबारा. फिटर, तुमच्यासारखा लेथ-ग्राइंडरवर हात असलेला माणूस म्हणून सांगतोय, ह्यातले निम्मे लोक तुमच्याच जातकुळीचे होते, दिवसा दुसऱ्याचं काम आणि रात्री स्वतःची गाडी.

सत्तरच्या सुरुवातीला फनी कारनं हा क्लास खाल्ला. लोकांना त्या ओळखीच्या गाड्यांसारख्या दिसायच्या, कंपन्यांचा पैसा पण तिकडं गेला. पण मार्सेलसनं पुढं विंग्ड एक्सप्रेस परत उभी केली आणि माइक बॉइडनं ती जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत कितीतरी वर्षं पळवली, कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला वगैरे. म्हाताऱ्या माणसांनी म्हाताऱ्या गाडीला परत नायट्रो पाजला, हे मला फार भारी वाटतं.

उसाचा_ट्रॅक्टर:
कासऱ्याचं बरोबर बोललात. आमचा चुलता गाडीवान आहे, तो म्हणतो बैल हातानं कळत नाही, बुडानं कळतो.

मिरजेचा_फिटर:
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रविवारी मामाकडं ब्राह्मणपुरीत गेलो, त्यांची पद्मिनी शेडमध्ये अजून उभी आहे, टेप लावला तर हबपासून हबपर्यंत बरोबर ९२ इंच. मामा विचारत होते काय मोजतोयस. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर न बसता मागच्या सीटवर, मागच्या चाकांच्या बरोबर वर बसलो आणि पुढं बघितलं. समोर बॉनेट आहे तिथं डोळ्याच्या उंचीचं इंजिन असणार, त्यावर ब्लोअर, म्हणजे पुढचा रस्ता दिसतच नसणार, दोन्ही बाजूंनी वाकून बघावं लागत असेल. तिथं बसल्यावर हात आपोआप दाराच्या कडेवर गेला.

तर माप नक्की झालं, ९.२ इंच. फ्रेमसाठी पितळेची नळी घेतली. ब्लोअरचा पट्टा दातेरी, प्लगच्या नळ्या आठ, आणि ड्रायव्हरचा डावा हात बाहेर पत्र्यावर. पुढची चाकं जमिनीला टेकवू का बोटभर वर ठेवू, तेवढं अजून ठरत नाही. काका, तुम्ही काय म्हणता?

कराडचे_डिझेलकाका:
एक टेकव, एक वर ठेव.