मुलीच्या हँडबेल ग्रुपला आईच्या नावाने देणगी द्यायची आहे, नक्की कशासाठी द्यावी?

मेघना_पीए

नमस्कार मंडळी, थोडं लांबणारे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, लेक सातवीत आहे आणि दोन वर्षांपासून शाळेच्या हँडबेल ग्रुपमध्ये आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मूठ असलेल्या काशाच्या घंटा असतात, एका घंटेचा एकच सूर, बारा-तेरा पोरं लांब टेबलामागे ओळीने उभी राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोन सूर आणि त्यांचे शार्प-फ्लॅट, आणि सगळ्यांनी मिळून एक गाणं. एक पोर तापाने घरी राहिलं की गाण्यातले तेवढे सूर गायब.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात आई मिरजेहून आली होती. तिचं माहेर सतारमेकर गल्लीच्या जवळच, लहानपणापासून तंबोरे जुळवताना ऐकत मोठी झालेली. कॉन्सर्ट झाल्यावर लेकीच्या मॅडमनी तिला पांढरे ग्लोव्हज दिले आणि एक घंटा हातात दिली. आईने ती वाजवली, कानाजवळ धरून डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, ह्यात वरचा पंचम बोलतोय." मॅडमना मी भाषांतर करून सांगितलं तर त्या आईकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या हो, ह्या घंटा मुद्दाम तशाच ट्यून केलेल्या असतात.

आई जुलैमध्ये गेली. तिच्या नावाने ३००० डॉलर द्यायचेत. माझ्या मनात होतं की एखादी मोठी घंटा घेऊन द्यावी, तिच्या नावाची. नवरा म्हणतो शाळेला सरळ चेक दे आणि मोकळी हो. मैत्रीण म्हणते नॅशनल संस्थेला दे म्हणजे जास्त मुलांना उपयोग होईल. मला टॅक्सचं एवढं काही नाही, पण पैसे घंटांनाच लागायला हवेत. कोणी असं काही केलंय का?

ओंकार_क्लीव्हलँड

मेघनाताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. आणि पंचमाचं त्यांनी अगदी बरोब्बर ओळखलं, इंग्लिश हँडबेलमध्ये मूळ सुराच्या वर एक सप्तक सोडून त्याच्या वरचा पंचम ट्यून केलेला असतो, बरेच रिंगर (घंटा वाजवणारे) वर्षानुवर्षं वाजवतात आणि त्यांच्या हे लक्षात येत नाही.

मी इथल्या कम्युनिटी ग्रुपमध्ये सहा वर्षं वाजवतोय, त्यावरून सांगतो, नवीन घंटा घ्यायच्या आधी डिरेक्टरला एकच प्रश्न विचारा, आहे त्या सेटची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली? तीन ऑक्टेव्हचा (सप्तकांचा) सेट म्हणजे ३७ घंटा, पाचचा म्हणजे ६१. तीनचा असेल तर शाळेला अडतीसावी घंटा नको असते, त्या ३७ धड वाजायला हव्या असतात. आतला लोलक पुढे-मागे एकाच रेषेत हलतो आणि त्याला स्प्रिंग असते, ती ढिली झाली की एका झटक्यात दोनदा ठण् ठण् होतं, आणि मूल बिचारं समजतं आपलंच मनगट चुकलं. आमच्याकडे एक मुलगी ह्याच कारणाने सोडून जायला निघाली होती, घंटा बदलून दिली तर दोष तिचा नव्हताच. लोलकाची टोकं झिजतात, मुठीचे वॉशर जातात, टेबलावरचा फोम दबून पापडासारखा होतो. हे सगळं कारखान्यात पाठवून नीट करून मिळतं, आणि तुमचं नशीब असं की शुल्मरिक आणि मालमार्क, दोन्ही मोठे कारखाने तुमच्याच राज्यात आहेत.

आणि नोटेशन! त्यासाठी कोणी देणगी देत नाही कारण त्यावर नावाची पाटी लागत नाही. प्रत्येक रिंगरसमोर आख्खा स्कोअर (सगळ्यांचे सूर एकत्र छापलेलं गाणं) लागतो, झेरॉक्स मारणं बेकायदेशीर, म्हणजे एका गाण्याच्या दहा-बारा प्रती विकत घ्यायच्या. ग्लोव्हज तर दरवर्षी लागतात कारण हाताच्या घामाने काशावर डाग पडतात.

स्मिता_जर्सी

ओंकार म्हणतोय ते पटलं पण मी कागदपत्रांबद्दल बोलते कारण आमचे हात पोळलेत. आम्ही एका शाळेच्या म्युझिकसाठी चेक दिला, मेमोमध्ये नुसतं "म्युझिक" लिहिलं, पैसे जनरल फंडात गेले आणि वर्षाअखेरीस कळलं की त्यातून वेगळीच कुठलीतरी खरेदी झाली. कोणी लबाडी केली असं नाही, आम्हीच लिहून दिलं नव्हतं. म्हणून आधी एक पानी पत्र द्या, "ही रक्कम फक्त हँडबेल प्रोग्रामच्या दुरुस्ती, संगीत आणि साहित्यासाठी," आणि शाळेकडून ते मान्य असल्याचं लेखी घ्या, मगच चेक.

शाळा पब्लिक म्हणजे सरकारी असेल तर थेट स्कूल डिस्ट्रिक्टला दिलेलं पण टॅक्सच्या वजावटीला चालतं. ग्रुपसाठी पैसे उभे करणारा पालकांचा बूस्टर क्लब असेल तर तो ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय संस्था) आहे का ते आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या साइटवर शोधा, दोन मिनिटांचं काम. २५० डॉलर किंवा त्यावर दिलं की त्यांच्याकडून लेखी पोच घ्यायचीच, नुसता वटलेला चेक पुरत नाही.

आणि नवऱ्याच्या ऑफिसात मॅचिंग आहे का विचारा!! तुम्ही दिले तेवढेच कंपनी घालते बऱ्याच ठिकाणी, तुमचे ३००० चे ६००० होतील. फक्त चर्चच्या ग्रुपला बऱ्याच कंपन्या मॅच करत नाहीत, शाळेला सहसा करतात.

जयंत_काका

मेघना, तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हं. नॅशनल संस्था म्हणजे हँडबेल म्युझिशियन्स ऑफ अमेरिका. ही १९५४ साली सुरू झाली, तेव्हा नाव वेगळं होतं, अमेरिकन गिल्ड ऑफ इंग्लिश हँडबेल रिंगर्स. मार्गारेट शर्क्लिफ नावाच्या बॉस्टनच्या बाई १९०२ मध्ये लंडनला जाऊन तिथल्या रिंगर्सबरोबर वाजवून आल्या, येताना हँडबेल घेऊन आल्या, आणि पुढे त्याच ह्या गिल्डच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मला हे फार आवडतं, की हे सगळं एका बाईंनी जपून आणलेल्या मूठभर घंटांवरून वाढलं.

ह्यांच्या विभागांमधून शाळांना हँडचाइम्स उसने देण्याचे कार्यक्रम चालतात. चाइम म्हणजे अॅल्युमिनियमची चौकोनी नळी, हलकी, घंटेच्या मानाने खूप स्वस्त. ज्या शाळेकडे काहीच नाही तिथे एक सेट काही महिने जातो, शिक्षक बघतात मुलांना जमतंय का, मग शाळा स्वतःचं काहीतरी उभं करते. मी स्वतः निवृत्त झाल्यापासून दरवर्षी थोडं तिकडेच देतो. वय साडेसत्तर झालं असेल तर आयआरएमधून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) थेट संस्थेला देता येतं, ती रक्कम उत्पन्नात धरत नाहीत. तुला अजून वेळ आहे पण इथे वाचणाऱ्या माझ्या वयाच्यांसाठी सांगून ठेवलं.

पण तू आईसाठी देते आहेस. मी तुझ्या जागी असतो तर जिथे आईने घंटा हातात घेतली तिथेच दिलं असतं.

कृष्णाकाठ

मी सांगलीतून लिहितोय, शाळेत संगीत शिकवतो. चाइम्स असलं काही असतं हे आज कळलं, व्हिडिओ बघत बसलो तासभर. ज्या मुलांना पेटी-तबल्यात मागे बसावं लागतं त्यांना पहिल्याच दिवशी गाण्यात जागा मिळेल असं वाटलं. असं काही तिकडून इथल्या शाळेला देता येतं का?

स्मिता_जर्सी

सर, येतं पण आधी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी आहे का बघा. अमेरिकन नागरिक झालेल्याने दिलेले पैसे, मग तो मूळचा सांगलीचा का असेना, परदेशी देणगीच धरतात आणि नोंदणी नसेल तर संस्थेला ते घेता येत नाहीत. ज्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. वस्तू पाठवायच्या तर कस्टमचं वेगळं बघावं लागेल. मेसेज करा, बोलू.

मेघना_पीए

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेत जाऊन आले. मॅडमना ओंकारचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, त्या काही न बोलता कपाटाकडे गेल्या आणि पेट्या उघडून टेबलावर मांडल्या. अकरा वर्षांत सर्व्हिसिंग नाही. त्यांनी एकेक घंटा वाजवून दाखवली, मधल्या सप्तकातल्या चार तर सरळ दोनदा वाजतात, आणि त्यातली एक माझ्या लेकीच्या वाटणीची. ती दोन वर्षं मनगट वळवून वळवून ते सांभाळून घेत होती आणि घरी कधी बोलली नाही.

तर ठरलं, आख्खा सेट उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखान्यात जाणार. स्मिताताईंनी सांगितल्यासारखं पत्र दिलंय, प्रिन्सिपलची सही झाली की चेक. नवऱ्याच्या कंपनीत मॅचिंग आहे, ते पैसे आले तर संगीताच्या प्रती आणि पाचवीच्या मुलांसाठी चाइम्स. नावाची घंटा नाही घेतली. मॅडमनी विचारलं आईंचं नाव कुठे लिहायचं, मला काही सुचेना, तर लेकच म्हणाली की आजीने वाजवलेली घंटा ए फोर सुराची होती, तिच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहूया, घंटा काढताना दरवेळी दिसेल.