सोळाव्या वर्षी आई, अठराव्या वर्षी बाप: तुमच्या घरातलं, गल्लीतलं लिहा

गेल्या आठवड्यात एक कादंबरी वाचून संपवली. परदेशातल्या एका शहरातला शाळकरी मुलगा, त्याच्याच वयाची मैत्रीण आणि त्यांना झालेलं बाळ. सगळं त्या मुलाच्या तोंडून येतं. रात्री बाळ रडलं की तो ताडकन उठतो, पण उठून करायचं काय ते त्याला कळत नाही. ती पानं वाचताना मला त्याची माया आली. तरी एक गोष्ट खुपलीच. मुलाची घालमेल पानंच्या पानं येते आणि मुलीचे टाके, दुधाच्या गाठी, कंबरदुखी सगळं कडेकडेने जातं.

जिथं मी पुस्तक मिटून बसून राहिले ती जागा वेगळीच. दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसतात, भांडतात, रडतात आणि मग कुणीतरी विचारतं, हिच्या परीक्षेचं काय करायचं? आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न असतो, कुणाकुणाला कळलंय?

तेही लग्नाबाहेरचं असेल तर. आपल्या भागात या वयातली बाळंतपणं बहुतेक लग्नातलीच असतात, म्हणून त्यांची गोष्टच होत नाही. गळ्यात डोरलं असलं की वय कुणी विचारत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे ही आपल्या शेजारची, नात्यातली माणसं आहेत.

मी साताऱ्याची. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. 1840 साली त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पुढे 1863 साली त्यांनी आणि जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत आलेल्या विधवेने तिथं गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर तिथंच ठेवावं, जशी तिची मर्जी. तिथल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला, तो पुढे डॉक्टर झाला. आधी बाई आणि बाळ, बाकीचं मागाहून, हा त्यांचा क्रम मला आजही कुठे सहजासहजी दिसत नाही.

तुमच्याकडचं लिहा. माणसं ओळखू येतील असं काही नको. बाळ होईपर्यंतची हकिगत थोडक्यात आणि त्यानंतरचं सविस्तर. बाळाला कोण घ्यायचं, शाळेचं काय झालं, बाप कुठे होता.

माणदेशी नात

आजीला विचारून लिहितेय, बोलणं तिचंच आहे.

"माजं लगीन झालं तवा मी पंधराची. त्या टायमाला कायद्यात बी पंधराच व्हतं म्हनं. भात्तरच्या दुष्काळात पयलं पोरगं झालं. म्हैना सरला न् सरला तोच दुष्काळी कामावर गेले, खडी फोडाय. मुकादमानं कदी वय इचारलं न्हाई. बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, पोरगं त्यात. दूध येईना. सुकडी मिळायची ती पान्यात कालवून खायची. सासू म्हनली, माज्या वाटची बी तूच खा. तिनं मला जलमभर बोल लावलं, पर ती सुकडी मी इसरले न्हाई.

धनी? त्यो एकुणीस-ईस वर्साचा. पोराला हात लावाय लाजायचा. आईबापाम्होरं आपलं पोरगं आपन घ्याचं न्हाई, अशी रीतच व्हती."

गलाईवाला, खानापूर तालुका

आजींचं शेवटचं बोलणं वाचून लिहायला बसलो. ती रीत आमच्याकडे 2004 मध्येही होती.

दहावी नापास झालो आणि चुलत्याबरोबर तमिळनाडूत गलाईच्या दुकानात गेलो. विटा-आटपाडीकडची निम्मी पोरं अशीच जातात. सोनं-चांदी गाळायची, मुशी, भट्टी, तेजाब. सतराव्या वर्षी यात्रेला घरी आलो आणि लग्न लावून दिलं. ती सोळाची, नववी झालेली. मी परत दुकानावर. मुलगी झाल्याचं फोनवर कळलं, बघितली ती दसऱ्याला. तोवर ती बसायला लागली होती.

तेजाबाने माझी बोटं कायम पिवळी असायची, साबणाने निघत नाहीत. मी हात पुढे केला तर पोरगी बोटांकडे बघून रडायला लागली. घरात सगळे हसले. आई म्हणाली, ठेव खाली, बाप्यांचं काम नव्हे. मी ठेवली. रात्री सगळे निजल्यावर परसात नेऊन घेऊन बसलो, कुणी बघू नये म्हणून. स्वतःच्या मुलीला चोरून घ्यावं लागलं, याचा राग आजही जात नाही.

दोन वर्षांनी दोघींना दुकानाच्या गावी घेऊन गेलो. बायको मुलीच्या पुस्तकांवरून तमिळ वाचायला शिकली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. लग्नाआधी कुणी विचारलंच नव्हतं, मलाही नाही आणि तिलाही नाही.

धागाकर्ती

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. कादंबरीत मुलाची बाजू जास्त आहे म्हणून मी तक्रार केली, पण परसातला हा बाप मला त्या पुस्तकात कुठेच भेटला नव्हता.

आशाताई, जत तालुका

आमच्या आशा सेविकांच्या रजिस्टरात गरोदर बाईच्या वयाचा रकाना असतो. पोर सांगते एकोणीस, सासू मागून म्हणते वीस लागलं की. शाळेचा दाखला मागितला तर सापडत नाही. मला दिसत असतं. एक पोर सातव्या महिन्यात अंगणवाडीच्या ओट्यावर लहान पोरींबरोबर काचापाणी खेळत बसली होती. वजनाला हाक मारली तर म्हणाली, ताई, एवढा डाव होऊ दे. काचा वर उडवायची आणि झेलायला वाकताना एका हाताने पोट सावरायची.

तिचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. मिरजेला नेऊन रक्त चढवावं लागलं. या वयात तिचीच वाढ पुरी झालेली नसते, त्यात रक्त कमी, बाळ कमी वजनाचं, बाळंतपण अडायची भीती.

आता कायद्याचं. अठराच्या आतली पोर गरोदर म्हणून दवाखान्यात आली की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. नवरा असला तरी सुटका नाही, 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. कायदा पोरीसाठीच आहे आणि मला तो मान्य आहे. पण घरचे भितात आणि नावच नोंदवत नाहीत. पहिले तीन-चार महिने तपासणी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत. कुणी हद्द ओलांडून कर्नाटकात बाळंतपण उरकून येतं. तपासणीचं कार्ड कुठाय विचारलं की गप्प.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीने आणि तिच्या पालकांनी म्हटलं, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही, असं 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. हे माहीत नसल्याने लोक भोंदूंकडे जातात.

मोठी बहीण, सातारा

आमचं लग्नाबाहेरचं. धाकटी अकरावीत होती. आईच्या लक्षात आलं तोवर गर्भपाताची 24 आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. मुलगा तिच्याच वर्गातला, सतराचा. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. कॉलेजने तोंडी सांगितलं, दाखला घेऊन जा. लेखी काही नाही. वडील वाद घालायच्या स्थितीत नव्हते.

बाळंतपणानंतर एका दुपारी त्या मुलाची आई डिंकाचे लाडू घेऊन आली. आमच्या आईने दार उघडलं नाही. त्या बराच वेळ उभ्या होत्या, मग डबा पायरीवर ठेवून गेल्या. आई तो डबा टाकायला निघाली होती. बहिणीने तिच्या हातातून घेतला आणि तिथंच बसून लाडू खाल्ला. तेव्हा मला तिचं धाडस वाटलं. आता वाटतं, तिला भूक लागली होती, आणि आमच्या घरात कुणी तिच्यासाठी खायचं काही केलंच नव्हतं. सगळे अब्रूच्या काळजीत.

बाळ बालकल्याण समितीमार्फत दत्तक द्यायचं ठरलं. सही केल्यावर बाळाच्या आईला विचार बदलायला कायद्याने साठ दिवस असतात. त्या काळात तिला काही सुचवायचं नाही, असं समितीतल्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं. आमच्या आईला ते पाळणं फार जड गेलं, पण तिने पाळलं. बहीण ठाम राहिली. बारावी तिने आत्याच्या गावी केली.

तिला दाखवूनच हे टाकतेय. दोन ओळी काढायला सांगितल्या, त्या काढल्या.

कारखान्यातून निवृत्त, कराडकडचा

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात होतो. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून यायच्या. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, एकट्या पोराला कोण देणार? म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने लग्नं उरकतात. आमच्या फडावर असं एक जोडपं होतं, दोघांच्या वयाची बेरीज पस्तिशीच्या पुढे नसेल. बाळ पाचटावर झोपवायचं आणि आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर फळीवरून चढायची. पाचटात साप निघतात, म्हणून माझी मंडळी म्हणाली, आमच्या ओसरीवर ठेवा. चार दिवस त्यांनी विश्वास ठेवला नाही. मग ठेवू लागले. दुपारी तो पोरगा यायचा, हात-पाय धुवायचा आणि बाळाला छातीशी धरून फडात आईकडे प्यायला न्यायचा. पुन्हा आणून ठेवायचा. आमच्या गावातल्या एकाही बापाला मी असं करताना बघितलं नव्हतं.

शिक्षक, फलटण भाग

धागाकर्तीताई, मुलांची बाजू मांडणारी पुस्तकं आठवी-नववीच्या मुलांच्या हातात पडायला हवीत असं मला ठामपणे वाटतं. मुलींना घाबरवणारे भरपूर आहेत, मुलांशी कुणी बोलत नाही.

दर जूनला नववीच्या हजेरीपटावर दोन-तीन मुली नसतात. विचारलं की मामाकडे गेलीय. गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. शंका आली तर लग्नाआधी त्यांना कळवा किंवा 1098 या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा, आपलं नाव बाहेर जात नाही. अक्षता पडल्यावर सगळंच अवघड होऊन बसतं.

नणंद, सांगली

इतके दिवस नुसती वाचत होते. माझी वहिनी आता एकोणीसची आहे, मुलगी दीड वर्षाची. तिची नववी झालीय, दहावी करायचीय. एका शाळेत विचारलं तर म्हणाले रोज यावं लागेल. काही मार्ग आहे का?

शिक्षक, फलटण भाग

सतरा नंबरचा फॉर्म भरा. खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, रोजची हजेरी लागत नाही. सातारा-सांगली कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. तारखा मंडळ जाहीर करतं, चुकवू नका, उशीर झाला की विलंब शुल्क पडतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद नेमून दिलेल्या शाळेत द्यायचे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल, तो आधी हातात घ्या. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र.

मोठी बहीण, सातारा

दहावीची पुस्तकं आमच्याकडे पूर्ण संच आहे, गणिताच्या सोडवलेल्या वह्यांसकट. सांगलीला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते.

नणंद, सांगली

चालेल, आभारी आहे. वहिनी म्हणते इंग्रजीची धास्ती वाटते, बाकी जमेल. दाखला तिच्या माहेरच्या शाळेत आहे, तो आणायला सोमवारी दादा जाणार आहे. पेपर असतील तेव्हा मुलीला कोण घेणार यावरून काल आई आणि दादात वाजलं. दादा म्हणतो मी रजा टाकतो. आई म्हणते लोक काय म्हणतील. अजून ठरायचंय.