लाइट गेल्यावर न उठणारं मायएसक्यूएल
या धाग्यात वर 'लाइट गेल्यावर मायएसक्यूएलचा (डेटाबेसचा) सर्व्हर उठत नाही, तर आयबी-लॉगफाइल (बदलांची नोंद ठेवणारी फाइल) उडवा' असा सल्ला आलाय. तेवढं करू नका! इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) त्याच लॉगमधून कमिट (पक्के) झालेले व्यवहार परत लावून घेतं. आधी सिस्टिमसीटीएल स्टेटस (लिनक्सवर सर्व्हिसची स्थिती दाखवणारी कमांड), मग एरर लॉगच्या शेवटच्या ओळी बघा. कधी डिस्कच भरलेली असते, कधी मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट दुसऱ्याच प्रोसेसनं अडवलेलं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा सगळा हिशेब एकाच पीसीवर (आणि यूपीएसची बॅटरी मेलेली!) असेल, तर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) रोज रात्री मायएसक्यूएलडंप (डेटाची बॅकअप प्रत काढणारी कमांड) लावा. त्याला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला की इनोडीबीची टेबलं अडकत नाहीत. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, हिस्टरीत राहतो. होम फोल्डरमधल्या डॉट-माय-डॉट-सीएनएफ या सेटिंग फाइलमध्ये ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी). आणि डंप त्याच डिस्कवर ठेवू नका राव.