नववीतल्या लेकीला संशोधक प्रत्यक्ष भेटतील असं कुठे न्यावं?

बार्शीची आई
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. गेल्या महिन्यात जेवताना तिने विचारलं, "आई, शास्त्रज्ञ व्हायला अर्ज कुठे करतात?" मी आणि हे, दोघंही गप्प झालो. आमच्या नात्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत. संशोधन करणारं कुणी ओळखीतसुद्धा नाही. शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तीच पवनचक्की. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास दोन-तीन दिवस रजा काढता येईल. पुणे, मुंबई, कुठेही जायची तयारी आहे. काचेमागच्या वस्तू नकोत, ते काम करणारी माणसं तिच्याशी बोलतील अशी जागा हवी. अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.

जुन्नरकर
ताई, डोळे झाकून खोडदला या. नारायणगावाहून आत, जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या दुर्बिणीला. विज्ञान दिनाला तिथे मेळा भरतो, शाळा-कॉलेजची मुलं प्रयोग मांडतात आणि दुर्बीणही बघायला मिळते. मी आठवीत असताना आमच्या शाळेनेही मांडला होता.

खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. आमच्या शेतातून एक तबकडी रोज दिसायची. तिच्याखाली उभा राहिलो तेव्हा कळलं की ती भरीव नाहीच! तारांची जाळी आहे, आरपार आकाश दिसतं. तिथे एक ताई माहिती देत होती, तिला विचारलं, "एवढ्या भोकांतून लहरी निसटत नाहीत का?" तिने माझ्याच वहीत एक लांब लाट काढली आणि शेजारी बारीक जाळी. म्हणाली, इथे पकडतो त्या लहरी वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या, आणि भोकं बोटाएवढी. लाटेच्या लेखी ती भोकं नसल्यातच जमा. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर तोलता येते.

ती ताई पीएचडी करत होती. मराठी माध्यमातली, नांदेडकडची. वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. मी पुढे भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं, आता कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी मुलांना घेऊन तिथे जातो.

एक लक्षात ठेवा, दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवायचा. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की मोबाइलच्या गोंगाटात तो ऐकूच येणार नाही. यायच्या आधी त्या वर्षीची वेळ बघून घ्या.

माटुंगा रोड
मुंबईला आलात तर रविवार धरून या. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे. जुहूचं पृथ्वी थिएटर किंवा माटुंग्याचं रुपारेल कॉलेज, सकाळी ११ वाजता. तिकीट नाही. मी मुलाला सहावीपासून नेतोय. व्याख्यान संपलं की मुलं पुढच्या टेबलाला गराडा घालतात, खरी मजा तिथे. लगेच बाहेर पडू नका.

पीएचडी चौथं वर्ष
ताई, विज्ञान दिनाला मी स्टॉलच्या आतल्या बाजूला उभी असते, म्हणून तिथून सांगते. सकाळी दार उघडताच या. शाळांच्या बस लागल्या की एकेका मुलाला अर्धं मिनिटही देता येत नाही. मी स्वतः सातवीत असताना एका संस्थेत बाबांबरोबर गेले होते. "चला, पुढे सरका" एवढंच ऐकून बाहेर आले आणि एसटी स्टँडवर रडले होते. आता माझ्या टेबलावरून कुणाला सरकवताना जीव तुटतो.

दुसरं, तिला घरूनच प्रश्न लिहून आणू द्या. "हे काय आहे?" याचं उत्तर फलकावर असतंच. "तुम्ही आज सकाळी काय केलंत?", "सध्या काय अडलंय?" असं तिने विचारलं तर समोरचा माणूस मोकळा होऊन बोलेल. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या ओपन डेला व्याख्यानं असतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारता येतात. तिथले संस्थापक संचालक जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. तुमच्या लेकीलाही हीच सवय लावा.

आणि तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. बारावी विज्ञाननंतर आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, तशाच नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मग पीएचडी. घरच्यांना सांगा, पीएचडी करताना फेलोशिप मिळते. जेआरएफची, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतल्या फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. माझ्या आजीला हे समजेपर्यंत ती माझ्या लग्नाचंच बघत होती.

रात्रपाळी
खोडदला जाच, पण एका दिवसाची सहल महिन्याभरात विरून जाते असं मला मनापासून वाटतं. सोलापूरचं विज्ञान केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथे वरचेवर जाता येईल. आणि बार्शीबाहेर अंधार चांगला असेल. १० बाय ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या, तिपाईवर घट्ट बसवा आणि गुरूवर लावा. शेजारी चार बारीक ठिपके दिसतील, कधी तीनच. रोज त्याच वेळी वहीत त्यांच्या जागा मांडायला सांगा. आठवड्याने कोणता चंद्र कुठे जाईल हे तिचं ती सांगू लागेल. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करतेय, त्यांच्याकडेही चौकशी करा.

बार्शीची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, आधी खोडद, मग जमलं तर आयुका. मुंबई मे महिन्यात. जुन्नरकर दादा, नारायणगावात मुक्कामाला चांगली जागा कोणती? पहाटे निघून वेळेत पोचणं कठीण दिसतंय.

हा धागा लेकीला वाचून दाखवला. तिने लगेच वही काढली. पहिला प्रश्न लिहिलाय, "रात्री दुर्बिणीजवळ कोण जागं असतं?"