मदत हवी आहे: सर्सीच्या भविष्यवाणीतला 'वॅलॉन्कार' मराठीत कसा सांगू?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. आमच्या आत्याला डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यापासून बारीक टाइप वाचता येत नाही, आणि ती पहिल्यापासून वाचणारी बाई, म्हणून रोज रात्री जेवणं झाली की मी तिला जॉर्ज आर. आर. मार्टिनची साँग ऑफ आइस अँड फायर ही कादंबऱ्यांची मालिका मराठीत सांगतो. समोर पुस्तक इंग्रजी, तोंडाने मराठी. तीन पुस्तकं झाली, आता चौथं, अ फीस्ट फॉर क्रोज चाललंय आणि मॅगी म्हातारीच्या भविष्यवाणीवर गाडी अडकलीय.

(पुढे स्पॉयलर आहेत.) सर्सी, म्हणजे गोष्टीतली राणी, लहान असताना मॅगीकडे भविष्य विचारायला जाते. म्हातारी सांगते राजाशी लग्न होईल, त्याला सोळा पोरं, तुला तीन, तुझ्यापेक्षा तरुण आणि देखणी राणी येऊन तुला खाली ओढेल, आणि शेवटी तू रडून रडून बुडालीस की 'वॅलॉन्कार' तुझा गळा दाबून जीव घेईल. हा शब्द गोष्टीतल्या व्हॅलिरियन नावाच्या जुन्या भाषेतला, सर्सीला कळत नाही, मग ती सेप्टा (म्हणजे जोगिणीसारखी धर्मसेविका) सॅरानेलाला विचारते आणि ती सांगते धाकटा भाऊ. झालं. टिरियन या सगळ्यात धाकट्या भावावर राग आधीच होता, आता त्याला कारण मिळालं.

मी आत्याला पहिल्यांदा सांगितलं, "तुझा धाकटा भाऊ तुझा गळा आवळेल." आत्या म्हणाली, मग टिरियनच की, त्यात काय ओळखायचंय. तिथं मला कळलं की मी घोळ केलाय, कारण मूळ वाक्यात 'तुझा' नाहीच, तिथं 'द वॅलॉन्कार' आहे. त्या एका 'द' मुळे कुणाचाही धाकटा भाऊ चालतो, तो कोण याच्या वाचकांच्या सगळ्या थिअरींना तिथूनच वाट मिळते. आता मराठीत 'द' आणू कुठून? नुसतं 'धाकटा भाऊ' म्हटलं तरी ऐकणारा तो ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याचाच धरतो.

मग म्हटलं 'पाठचा भाऊ' म्हणावं. तर ते अजून अवघड, कारण सर्सी आणि जेमी जुळे, जेमी तिचा पाय धरून तिच्या पाठोपाठ जन्माला आला, म्हणजे अगदी शब्दशः पाठचा. जेमीच मारणार ही थिअरी मलाही पटते, पण सांगणाऱ्यानं आधीच बोट दाखवायचं नसतं ना. 'शेंडेफळ' म्हणावं तर सरळ टिरियन. आपल्याकडे भावंडांना इतके शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द कुणाचं तरी नाव फोडतोय.

'भावंड' म्हटलं तर नपुंसकलिंगी, म्हणजे बहीणपण त्यात बसते. आर्या किंवा डेनेरिस (दोघी दुसऱ्या घराण्यांतल्या धाकट्या बहिणी) असेल असं मानणारे लोक आहेतच, त्यांचा आधार एमन या म्हाताऱ्या मेस्टरचं (विद्वानाचं) बोलणं, की 'प्रिन्स' हा शब्द भाषांतरात चुकला, ड्रॅगनला नर-मादी नसतं, म्हणजे तिथं बाईही असू शकते. पण ते वेगळ्या भविष्यवाणीबद्दल आहे, आणि इथं मॅगीच्या वाक्यात 'हिज हँड्स' असं स्पष्ट आहे. मराठीत मात्र 'गळा आवळेल' म्हटलं की तो का ती काहीच कळत नाही. म्हणजे इंग्रजीत जे बंद आहे ते मराठीत आपोआप उघडतं, आणि जे उघडं आहे ते बंद होतं.

तर प्रश्न असा, हे वाक्य कुठलंही दार न लावता मराठीत कसं म्हणायचं? आणि 'हिज' मुळे बहिणीची थिअरी खरंच बाद होते का? गेम ऑफ थ्रोन्स या टीव्ही सिरीजचा आधार नको, २०१५ च्या पाचव्या सीझनमध्ये भविष्यवाणी दाखवली पण हा भाग गाळला.

रंकाळाकाठ: भावा, भाषांतर करूच नको. मार्टिननं पण केलेलं नाही, म्हातारीच्या तोंडी परका शब्दच ठेवलाय. तू पण 'वॅलॉन्कार तुझा गळा आवळेल' एवढंच म्हण आणि थांब. आत्यांना सर्सीसारखंच न कळू दे. अर्थ सेप्टा सांगेल तेव्हा सेप्टाच्या तोंडून सांग, म्हणजे 'धाकटा भाऊ' हा तिचा अर्थ झाला, भविष्यवाणीचा नाही.

शब्दवेडी: बहिणीबद्दल सांगते. सिरीजसाठी डेव्हिड पीटरसन यांनी हाय व्हॅलिरियन भाषा पूर्ण रचली, तिच्या व्याकरणात चार लिंगं आहेत, चंद्र, सूर्य, भूमी आणि जल अशी, स्त्री-पुरुष अशी विभागणी नाहीच. पण नात्यांचे शब्द वेगळे आहेत, धाकट्या बहिणीला 'हाएदार'. म्हणजे तिथं वॅलॉन्कार हा भाऊच. अर्थात ती भाषा पुस्तकांनंतर रचलेली आहे, मार्टिनना ती बांधील नाही, त्यामुळे मी बहिणीची थिअरी बाद म्हणणार नाही, कमजोर म्हणेन. आणि दादा, कंसाची गोष्ट आठवा. आठवा मुलगा मारणार हे कळल्यावर त्यानं बहिणीला कैदेत टाकलं. सर्सीनं टिरियनशी तेच केलं, भीतीपोटी त्याला शत्रू केलं. मला वाटतं आत्यांना इथंच जास्त रस वाटेल.

मूळ धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. काल रात्री रंकाळाकाठ यांनी सांगितलं तसंच केलं, शब्द तसाच ठेवला आणि थांबलो. आत्या विचारत राहिली, म्हणजे कोण, म्हणजे कोण, मी काही बोललो नाही. मग सेप्टाचा अर्थ सांगितला. यावेळी तिनं टिरियनचं नाव घेतलं नाही. बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "जुळ्यात मागून आलेला पण धाकटाच की रे." मी म्हटलं हो. तर म्हणते, "पण त्याचा उजवा हात तुटलाय मागच्या पुस्तकात, आणि म्हातारी तर 'हातांनी' म्हणालीय. तो त्या जागी बसवलेला सोन्याचा हात धरायचा का मग?"

याचं उत्तर कुणाकडे असेल तर आज रात्री जेवणाच्या आत सांगा.