स्विचचा टाइम झोन बदलला तर ‘ॲनिमल क्रॉसिंग’मधले टर्निप सडतात का?

बेटकरी: माझं निन्टेन्डो स्विच (गेम खेळायचं यंत्र) पुण्याहून लंडनला जाणार आहे. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या खेळात नफ्यावर विकायला रविवारी घेतलेले टर्निप (सलगम) अजून पडून आहेत. तिकडे उन्हाळा, म्हणजे घड्याळ साडेचार तास मागे. टर्निप टिकतील का? की झोन भारताचाच ठेवू?

सलगम_अडत: विकूनच निघा, इथे नशीब आजमावू नका. घड्याळ मागे जाऊन खेळातला दिवस आदला झाला की टर्निप सडतात. बहुतेकांची गफलत होते ती अशी, की या खेळात दिवस रात्री बाराला नाही, पहाटे ५ ला बदलतो. पुण्यात सकाळी ८ ला झोन बदललात तर लंडनचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. कॅलेंडरवर तारीख तीच, पण खेळाच्या हिशोबी तुम्ही आदल्या दिवसात गेलात.

झोन भारताचाच ठेवला तर बिघडत काही नाही, पण वेळा फार गैरसोयीच्या होतात. टर्निप विकत घेणारं खेळातलं दुकान, नूक्स क्रॅनी, सकाळी ८ ते रात्री १० उघडं, म्हणजे लंडनच्या पहाटे साडेतीनपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. कामावरून घरी याल तेव्हा शटर खाली. दुकान बंद असताना माल टाकायच्या बाहेरच्या पेटीत टर्निप घेत नाहीत. टर्निप विकणारी डेझी मे रविवारी पहाटे ५ ते दुपारी १२ असते, ती तिकडे सकाळी साडेसातलाच जाईल. माझं मत, झोन बदलाच.

बेटकरी: बदलायचा कसा? इंटरनेट सिंक बंद करावं लागेल का?

सलगम_अडत: नाही. वजा बटण दाबून सेव्ह करा, होमवर येऊन एक्स दाबून खेळ पूर्ण बंद करा. मग सिस्टीम सेटिंग्ज, सिस्टीम, तारीख-वेळ, आणि तिथे फक्त टाइम झोन. सिंक चालू राहू द्या, वेळ आपोआप जुळते. परत येताना घड्याळ पुढे जाईल. तेव्हा शनिवारी लंडनच्या साडेपाचनंतर झोन बदललात तर दुकान बंद सापडेल, आणि रविवारी पहाटे ५ ला उरलेला माल सडेल.

टिकटिक: यामागचं कारण सांगतो, म्हणजे इतर खेळांनाही लावता येईल. असे खेळ सेव्ह करताना वेळ नोंदवतात आणि उघडल्यावर आत्ताच्या वेळेतून ती वजा करतात. घड्याळ मागे असेल तर उत्तर ऋण येतं. खेळ बनवणाऱ्याने ते शून्य धरलं नसेल, तर पीक किंवा बांधकाम घड्याळ पुन्हा जुन्या नोंदीपर्यंत येईस्तोवर अडून राहतं. म्हणून फोनवरच्या ऑफलाइन खेळात घड्याळ दोन दिवस पुढे नेऊन परत आणलं की सगळं दोन दिवस गोठल्यासारखं वाटतं. अशा वेळी डिलीट करू नका, सेव्हही जाईल. थांबा.

फोन सुरू झाल्यापासूनचा काळ मोजणारा वेगळा काउंटर असतो, तो सेटिंग्जमधून हलत नाही, पण रीस्टार्ट केलं की शून्यावर येतो. त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबता येत नाही. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारख्या खेळात वेळ सर्व्हर मोजतो, तिथे फोनचं घड्याळ कितीही फिरवा, बांधकामाचा एक मिनिटही कमी होत नाही.